दुम्मुगुडेमचा बंधारा

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. पूर्वेकडे अगदी शेवटी गडचिरोली जिल्हा दिसेल. त्या जिल्ह्याचे दक्षिणेकडचे टोक म्हणजे सिरोंचा तालुका. तेथून बोट डावीकडे सरकवले की तेलंगण राज्य लागते, उजवीकडे सरकवले की छत्तीसगड. या तालुक्याच्या कडेने दोन नद्यांच्या निळ्या रेघा जातात. एक प्राणहिता, दुसरी गोदावरी. सिरोंचा गावाजवळ त्या एकमेकींना मिळतात. आणखी पुढे बस्तरकडून येणारी इंद्रावती गोदावरीला मिळते.

गोदावरी तुमच्या ओळखीची आहे. ती नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पैठण आणि नांदेड या गावांवरून जाते आणि 1465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. प्राणहितेची ओळख मात्र थोड्यांनाच असते. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एकत्र आल्या की पुढच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या भागांत पडलेल्या पावसाचे पाणी शेवटी सिरोंच्याजवळून वाहत जाते.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत आपण नदीला दरिया म्हणतो. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण मराठीत येता येता तो मोठा झाला! म्हणून मराठी निबंधात 'गोदावरी दर्या' असे लिहू नका.

सुमारे 160 वर्षांपूर्वी काही लोकांनी असाच नकाशा पुढे ठेवला होता. त्यांच्या मनात एक प्रश्न आला. विदर्भात पडलेला पाऊस जर आपला आपण समुद्रापर्यंत जातो, तर विदर्भातला कापूस का जाऊ नये?

त्या काळी वऱ्हाड आणि नागपूर भागातला कापूस बाहेर नेणे फार कठीण होते. पक्के रस्ते नव्हते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंजाऱ्यांचे तांडे निघत. कापूस गंगेकाठी मिर्झापूरला जाई किंवा घाट उतरून मुंबईला जाई. प्रवासाला कित्येक आठवडे लागत. वाटेत धूळ बसे, पावसात गाठ पडली तर माल भिजे. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता. पण बाजारात पोहोचेपर्यंत त्याची रया जाई. शेतकऱ्याच्या हाती पडणारा पैसाही मग तसाच असे. हिंगणघाट हे गाव वेणा नदीच्या काठी आहे. वेणा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत. कागदावर पाहिले तर हिंगणघाटच्या घाटावर नाव सोडली की ती समुद्रालाच लागायला हवी.

हा विचार हिरिरीने मांडणारे इंजिनीअर होते आर्थर कॉटन. इंग्रजीत कॉटन म्हणजे कापूस. हा केवळ योगायोग आहे, पण नाव लक्षात ठेवायला सोपे जाते. त्यांचा जन्म 1803 चा आणि मृत्यू 1899 चा. मद्रास इलाख्यात त्यांनी पाण्याची अनेक मोठी कामे केली. गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे तिचे फाटे फुटतात, तिथे राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम हे गाव आहे. त्या भागात 1833 च्या सुमाराला भयंकर दुष्काळ पडला होता. नदी दाराशी आणि माणसे अन्नावाचून मेली. कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात धवळेश्वरमला नदीच्या आडवा दगडी बंधारा बांधला आणि त्याच्या दोन्ही अंगांनी कालवे काढले. त्या कालव्यांनी तो सारा प्रदेश भाताचे कोठार बनला. त्या भागात आजही गावोगावी कॉटन यांचे पुतळे दिसतात. परक्या राजवटीतल्या अधिकाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो.

धवळेश्वरमचे कालवे केवळ शेतीसाठी नव्हते. त्यांतून मालाच्या नावा जात. कॉटन यांचे ठाम मत होते की हिंदुस्थानात आगगाडीपेक्षा जलमार्ग स्वस्त पडेल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घरी एक प्रयोग करून पाहा. एक जड ओंडका जमिनीवरून ओढा आणि तोच हौदातल्या पाण्यावर ढकला. जमिनीवर दोघांचा दम निघतो, पाण्यावर एका बोटाने तो सरकतो. जड माल आणि सावकाश प्रवास असेल, तर पाण्यासारखी वाट नाही. अर्थात पाणी हवे, आणि वाटेत खडक नकोत.

नेमके तिथेच अडत होते. समुद्राकडून नदीच्या वरच्या अंगाला निघालो तर राजमहेंद्रीच्या पुढे पापी टेकड्यांची अरुंद खिंड लागते. ती ओलांडून भद्राचलमपर्यंत नाव नेता येते. त्याच्या थोडे वर, दुम्मुगुडेम या गावाजवळ, नदीच्या पात्रात मैलोन् मैल खडक आहेत. हा पहिला अडथळा. पुढे पाणी मोकळे होते आणि इंद्रावतीच्या संगमाच्या खाली इंचमपल्लीजवळ पुन्हा खडक लागतात. हा दुसरा. तिसरा अडथळा प्राणहितेत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देवलमरी गावाजवळ. या तीन ठिकाणी नदी पायऱ्यांवरून उतरावी तशी खडकांतून खळाळत खाली येते. पुराच्या दिवसांत तिथे भोवरे असतात आणि पूर ओसरला की नुसते दगड उघडे पडतात.

मग नावेने ही पायरी चढायची कशी? त्यासाठी जी युक्ती योजली जाते तिला मराठीत जलपाश म्हणतात. इंग्रजी शब्द लॉक, म्हणजे कुलूप. हे पाण्याचे कुलूप कसे उघडते ते नीट समजून घ्या.

अडथळ्याच्या वरच्या टोकाला नदीच्या आडवा एक बंधारा घालतात. त्यामुळे तिथे पाण्याची पातळी उंच आणि स्थिर राहते. बंधाऱ्याच्या एका कडेने, काठाच्या जमिनीतून, खडकांना वळसा घालणारा कालवा खणतात. हा कालवा वरच्या पाण्यापासून निघतो आणि अडथळा संपला की खालच्या पाण्याला मिळतो. पण वरचे पाणी उंचावर आणि खालचे पाणी खोल. कालवा नुसताच उतरता ठेवला तर त्यातून पाणी धावत सुटेल आणि नाव आपटेल. म्हणून कालव्यात ठिकठिकाणी दगडी हौद बांधतात. हौदाला दोन्ही टोकांना मोठाली दारे असतात.

समजा, नाव खालून वर जात आहे. हौदात पाणी खालच्या पातळीइतकेच आहे. खालचे दार उघडते, नाव आत येते, दार बंद होते. आता वरच्या दारातली लहान झडप उघडतात. वरचे पाणी हळूहळू हौदात शिरते. पाणी चढते, त्याबरोबर नावही चढते. हौदातले पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीला आले की वरचे दार उघडते आणि नाव पुढे निघते. खाली उतरायचे असेल तर हेच सारे उलट. नाव उचलायला ना यंत्र लागते, ना हमाल. सगळे ओझे पाणीच उचलते. नावेत दहा गोण्या असोत की हजार, नावाड्याला तेवढेच कष्ट.

या दारांची रचना तर फार मजेदार असते. दाराची दोन फळे सरळ एका रेषेत मिटत नाहीत. तुमचे दोन्ही तळहात समोर धरा आणि फक्त बोटांची टोके एकमेकांना टेकवा. मध्ये छपरासारखे टोक तयार होईल. जलपाशाची दारे अशीच मिटतात आणि त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे असते. पाणी जितके जोराने दाबेल तितकी ती अधिकच घट्ट मिटतात. शत्रूच्याच बळावर दार लावून घेण्यासारखे आहे हे! आणि म्हणूनच दोन्ही बाजूंचे पाणी सारखे झाल्याखेरीज ती उघडत नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दर वेळी जलपाश वापरला की एक हौदभर पाणी वरून खाली जाते. ते परत येत नाही. नावा जास्त तर पाणी जास्त. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आता या कामासाठी नदीचे दोन्ही काठ ताब्यात हवेत. गोदावरीचा उजवा काठ हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. डाव्या काठावरचे सिरोंचा, नुगूर, चेरला, भद्राचलम वगैरे तालुकेही निजामाचेच होते. 1860 मध्ये इंग्रज सरकार आणि निजाम अफजलउद्दौला यांच्यात तह झाला. सालारजंग तेव्हा निजामाचे दिवाण होते. या तहाने इंग्रजांनी निजामाचे 50 लाख रुपयांचे कर्ज सोडून दिले. धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश त्याला परत केले. निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचा आपला मुलूख इंग्रजांना दिला. या नद्यांवरून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही असेही ठरले. इतिहासाच्या पुस्तकात या तहाविषयी एखादी ओळ असते, नसतेही. पण आज सिरोंच्यात मराठी शाळा का आहे आणि पलीकडच्या काठावर तेलुगू शाळा का आहे, याचे एक कारण त्या तहात सापडते.

इंग्रजांनी या नव्या मुलखाचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण ठरवले. तिथल्या अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन ग्लासफर्ड यांचे नाव आजही त्या तालुक्यात ऐकू येते. ग्लासफर्डपेठा नावाचे गावच आहे तिथे. गोंड, माडिया आणि तेलुगू नावांच्या गावांत हे एक नाव कुठून आले असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे.

तह झाला आणि लगेच 1861 मध्ये दूर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. युद्धामुळे तो कापूस येईना. लँकेशायर भागातल्या गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगार घरी बसले. साऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव भडकले. विदर्भातला कापूस लवकर समुद्रापर्यंत आणा, गोदावरीचे काम पुरे करा, असा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी लंडनच्या सरकारमागे धोशा लावला. एका नदीतले खडक फोडण्याची घाई सात समुद्रांपलीकडच्या माणसांना झाली होती!

काम कॅप्टन हेग नावाच्या इंजिनीअरच्या हाती होते. दुम्मुगुडेमला गोदावरीच्या आडवा बंधारा उभा राहिला. डाव्या काठाने कालवा आणि जलपाश बांधले गेले. इंचमपल्ली आणि देवलमरी येथेही कामे हाती घेतली. कमी पाण्यात चालतील अशा लहान आगबोटीही नदीत आणल्या. पण नकाशावर सोपी दिसणारी गोष्ट नदीत उतरल्यावर फार अवघड निघाली.

पहिली अडचण दिवसांची. जूनपासून पावसाळा. नदीला पूर आला की पात्रात कामच करता येत नाही. गोदावरीचा पूर म्हणजे काय, याचे अलीकडचे आकडे सांगतो. भद्राचलमच्या मोजपट्टीवर ऑगस्ट 1986 मध्ये पाणी 75.6 फुटांवर चढले होते. जुलै 2022 मध्ये ते 71 फुटांच्या वर गेले. तिथे 43 फुटांनाच धोक्याचा पहिला इशारा देतात. अशा नदीत अर्धवट भिंत उभी असेल तर तिचे काय होईल, कल्पना करा.

दुसरी अडचण तापाची. पावसाळा संपला की काम सुरू करावे, तर नेमका तेव्हाच त्या जंगलात ताप येई. उर्दूत ज्याला आपण बुखार म्हणतो तो हा ताप, म्हणजे हिवताप. त्या भागात वस्ती विरळ. गोंड आणि कोया लोक आपापल्या पाड्यांवर राहत; दगड फोडायला आणि वाहायला हजारो माणसे तिथे मिळणे शक्यच नव्हते. म्हणून खालच्या सपाट प्रदेशातून मजूर आणावे लागत. त्यांच्या अंगी या जंगलाच्या तापाला तोंड देण्याची सवय नव्हती. छावणीत ताप शिरे, कधी पटकी शिरे. माणसे मरत, उरलेली पळून जात. पुन्हा मजूर गोळा करून आणावे तो निम्मा हंगाम संपलेला असे. उन्हाळ्याचे काही महिने काय ते काम चाले.

हा ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. वाईट हवेमुळे तो येतो असे डॉक्टरही मानत. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसले ते 1897 मध्ये. आणि कुठे? याच निजामाच्या राज्यात, सिकंदराबादला. गोदावरीच्या मजुरांना त्या शोधाचा उपयोग व्हायला फार उशीर झाला होता. बंधाऱ्याची चर्चा करताना कॉटन यांचे नाव येते, हेग यांचे येते, मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे येते. ज्यांनी दगड वाहिले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. मला ही गोष्ट खटकते.

तिसरी अडचण स्वतः नदीची. गोदावरीला हिमालयाचे बर्फ नाही. तिचे पाणी पावसाचे. चार-पाच महिने ती दुथडी भरून वाहते आणि पुढे आटत जाते. पुरात नाव प्रवाहाविरुद्ध वर चढवणे कठीण आणि उन्हाळ्यात तर वाळूच वाळू. जलपाशाला दर वेळी हौदभर पाणी लागते हे आपण पाहिलेच. उन्हाळ्यात ते आणायचे कुठून? आणि कापसाचा हंगाम कोणता असतो हे शेतकऱ्याच्या मुलाला विचारा. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. म्हणजे कापूस घरात येतो तेव्हा नदी उतरणीला लागलेली असते. माल तयार होतो आणि वाट आटत जाते. मजूर, पैसा, पूर या अडचणींवर कदाचित मात करता आली असती. ही अडचण मात्र मुळातलीच होती असे मला वाटते.

शिवाय तिन्ही अडथळे पार झाले तरच मार्ग उपयोगाचा. दुम्मुगुडेमचे काम सर्वांत पुढे गेले, वरची दोन मागे राहिली. एक कुलूप उघडले, दोन बंदच. मधेच नाव रिकामी करायची, गोण्या खडकांपलीकडे वाहायच्या, पुन्हा दुसऱ्या नावेत भरायच्या, असा व्यवहार कोणता व्यापारी पत्करील?

आणि मग आगगाडी आली. मुंबई ते ठाणे पहिली गाडी 1853 मध्ये धावली होती, हे तुम्हाला पाठ असेलच. तोच रेल्वेमार्ग खानदेश आणि वऱ्हाडातून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. वाटेत वर्धा हे स्टेशन झाले. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंतही फाटा आला. गाडीला पावसाळा उन्हाळा सारखाच. कापसाच्या गाठी दोन-तीन दिवसांत मुंबईच्या बंदरात. गोदावरीचा मार्ग कापूस पूर्वेकडे काकिनाड्याला नेणार होता. पण कापसाचे मोठे व्यापारी, पेढ्या आणि जहाजे सारी मुंबईला. त्यातच 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून युरोप आणखी जवळ आले. तिकडे अमेरिकेतले युद्ध 1865 मध्येच संपले होते. तिथला कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि भाव कोसळले. मँचेस्टरचा धोशाही मग थंड पडला.

कॉटन यांना हे पटले नाही. आगगाडी आणि जलमार्ग यांची शर्यत सरळ झालीच नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्यही आहे. रेल्वे कंपन्यांच्या इंग्लंडमधल्या भागधारकांना सरकारने 5 टक्के व्याजाची हमी दिली होती. कंपनीला तोटा आला तरी सरकार हिंदुस्थानच्या तिजोरीतून ती रक्कम भरून देई. जलमार्गाला अशी हमी नव्हती. त्याच्यावरचा दर रुपया वादविवाद करून मिळवावा लागे. तरीही गोदावरीला भरपूर पैसा मिळाला असता तरी डिसेंबर ते मे या महिन्यांत तिच्यात पाणी कुठून आले असते, या प्रश्नाचे समाधान होत नाही. पैसा इंग्रजांच्या खिशातला नव्हता, इथल्या रयतेच्या सारापट्टीतला होता, हेही विसरू नका.

शेवटी 1871 मध्ये सरकारने काम सोडून दिले. लाखो रुपये खर्च झाले होते. कामगारांच्या छावण्या उठल्या. देवलमरी आणि इंचमपल्लीची कामे तशीच राहिली. दुम्मुगुडेमचे जलपाश बांधून झालेले होते, पण ज्या कापसासाठी ते बांधले त्याचा मार्ग काही पुरा झाला नाही. पुढे अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. त्याचे खालचे तालुके मद्रास इलाख्याकडे गेले. सिरोंचा चांदा जिल्ह्यात आला. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. 1982 मध्ये चंद्रपूरचा पूर्वभाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि सिरोंचा त्यात गेला.

नावा गेल्या, पण बंधारा राहिला. तो आता तेलंगणातल्या भद्राद्री कोत्तगुडेम जिल्ह्यात आहे. दीडशेहून अधिक पावसाळे त्याच्यावरून गेले. जलमार्गासाठी अडवलेले पाणी पुढच्या पिढ्यांना निराळ्या कामांसाठी दिसू लागले. वीज करावी, शेतीला उपसून द्यावे, अशा योजना निघाल्या. जुन्या बंधाऱ्याच्या जवळच, नदीच्या खालच्या अंगाला, सीतम्मा सागर नावाच्या नव्या बंधाऱ्याचे काम अलीकडे हाती घेण्यात आले.

सिरोंच्याजवळही नदी पुन्हा अडवली गेली. तेलंगण सरकारने मेडीगड्डा येथे गोदावरीवर मोठा बंधारा बांधला. त्याचे उद्घाटन 21 जून 2019 रोजी झाले. या वेळी कापूस नव्हे, पाणीच वर न्यायचे होते. प्रचंड पंप लावून ते तेलंगणाच्या शेतांकडे चढवायचे होते. 2022 च्या महापुरात सिरोंचा तालुक्यातली शेते पाण्याखाली गेली आणि तिथल्या शेतकऱ्यांनी या बंधाऱ्याकडे बोट दाखवले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. चार वर्षांचा बंधारा खचला आणि थोडे खाली दुम्मुगुडेमचा जुना दगडी बंधारा मात्र उभा होता. पण दोघांची तुलना इतकी सोपी नाही. जुना बंधारा बुटका आहे. पूर आला की पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जाते. नव्याला दारे लावून पाणी उंच अडवायचे होते. जितके पाणी उंच, तितका पायावर भार अधिक.

जलमार्गाची कल्पनाही अजून कागदावरून पुसली गेलेली नाही. 2008 मध्ये केंद्र सरकारने चौथा राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केला. त्यात गोदावरीचा राजमहेंद्री ते भद्राचलम हा 171 किलोमीटरचा भाग आहे. म्हणजे तो टप्पा बरोबर पहिल्या अडथळ्याच्या खाली थांबतो. 2016 च्या कायद्याने देशातल्या जलमार्गांची यादी 111 पर्यंत वाढली. ती यादी कधी हाती आली तर नीट वाचा. तिच्यात 'पैनगंगा-वर्धा' हे नाव आहे आणि 'वैनगंगा-प्राणहिता' हेही आहे.